साक्षीदार क्रमांक तेहतीस

उस्तीन्यामावशीची जीभ आमच्या गावात प्रसिद्ध होती, आणि ती दोन्ही अर्थांनी. बोलायला लागली की समोरच्याची सालं काढायची. चाखायला लागली की पिठात किती भुसा मिसळलाय ते दुकानदाराच्या तोंडावर सांगायची, म्हणून निम्मे दुकानदार तिला दारात उभं करत नसत. मी तिच्या हाताखाली सरसखोलीत काम केलं. तिच्याबद्दल लिहायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही. आणि उरलं असतं तरी हे मलाच लिहायला हवं होतं.

कामा नदीच्या काठी आमच्या गावात स्की बनवायचा कारखाना होता. मावशीचा बाप साव्हेली तिथे सरस शिजवायचा. बाराव्या वर्षापासून ती त्याच्या भांड्याशी उभी राहिली ती बापानंतरही तिथेच. नवरा लाकडाचे तराफे नदीतून न्यायचा. एका वसंतात बर्फ फुटताना तो तराफ्यासकट गेला. मूलबाळ नव्हतं. तिला लोक चिकटमावशी म्हणायचे. सरसामुळे म्हणत की स्वभावामुळे, ते कुणी तिला समजावून सांगायच्या फंदात पडलं नाही.

आमचा सरस दुधाचा. दूध फाडून त्याचा चोथा वाळवायचा, त्याची पूड करायची, मग ती पूड पाण्यात चुना वगैरे घालून घोटायची. पुडीचं पोतं उघडलं की मावशी चिमूटभर जिभेच्या टोकावर ठेवायची आणि डोळे मिटायची. चांगली पूड जिभेला धरते, नासलेली आंबटते, भेसळीची दाताखाली करकरते. हे बापाने शिकवलेलं. मला तिने शिकवलं. मी शिकले नाही असं मला म्हणता येणार नाही.

एकेचाळीसच्या शरदात पश्चिमेकडून आगगाडीने विमानं आखणारी एक अख्खी कचेरी आमच्याकडे आली. चाळीस माणसं, लाकडी खोके आणि एक अर्धवट सांगाडा. धातू आघाडीवर जात होता, म्हणून हे लढाऊ विमान बर्चच्या लाकडाचं करायचं होतं. पातळ पातळ थर सरसाने एकावर एक चिकटवायचे. ते काम आमच्या स्कीवाल्यांइतकं कुणाला जमणार? कारखान्यात विमान हा शब्द उच्चारायला बंदी होती. कागदावर आणि तोंडात त्याचं नाव एकच, माल. 'आज माल कसा आहे?' 'मालाला थंडी वाजतेय.' आम्ही असं बोलायचो आणि कुणी हसायचं नाही.

माल एकच होता. त्यासारखे शेकडो करायचे की नाही, हे त्याचं उड्डाण बघून मॉस्को ठरवणार होती. मुख्य अभियंता झीबिन याने तीन वर्षं त्यात घातली होती. दोन कोट एकावर एक घालून हा किडकिडीत माणूस मालाभोवती फिरायचा आणि कुणाशीही बोलताना एक हात पंखावर ठेवायचा. उडवणार होता येफीम गूशिन. आघाडीवर दोनदा पडून वाचलेला वैमानिक, अर्धा कान जळलेला. तो रोज सरसखोलीत शेक घ्यायला यायचा आणि मावशीला छेडायचा.

"मावशी, मी तुझ्या सरसावर बसून आभाळात जाणार. मीठमसाला जरा बघून घाल."

"मसाला तुझ्या बायकोकडे माग. मी घालते ते चोवीस तास वाळू दे, मग कुठे जायचं तिथे जा."

हे चोवीस तास म्हणजे आमचा नियम. पंखाला ज्या भांड्यातला सरस लावला, त्याच भांड्यातल्या सरसाने लाकडाच्या दोन पट्ट्याही चिकटवायच्या. त्यावर क्रमांक घालायचा आणि फडताळावर ठेवायच्या. त्या जोडीला आम्ही साक्षीदार म्हणायचो. पंखाच्या आत काय झालंय ते डोळ्यांना दिसत नाही, ते साक्षीदार सांगतो. चोवीस तासांनी तो तोडायचा. लाकूड फाटलं आणि जोड टिकला, तर सरस खरा. लाकूड शाबूत राहून जोड स्वच्छ सुटला, तर सरस खोटा, आणि पंख उघडायचा. मावशीच्या सहीशिवाय माल हलत नसे.

आता माझं सांगते. माझा नवरा आघाडीवर, दीड वर्षात पत्र नाही. मुलगी आस्या चार वर्षांची. तिच्या वाट्याला दिवसाला तीनशे ग्रॅम पाव यायचा, तोही निम्मा पाण्याने जड केलेला. त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत तिचे पाय सुजले. नडगीवर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. आणि मी दिवसभर दुधाच्या पुडीच्या पोत्याशेजारी काम करायची. घोटलेल्या सरसात मुद्दाम कार्बोलिकचं उग्र औषध घालत, कुणी खाऊ नये म्हणून. पोत्यातल्या पुडीत काही नसायचं. पोत्याची किल्ली मावशीकडे असे, आणि मावशीचा विश्वास म्हणून कधीकधी माझ्याकडे.

मी पत्र्याचा एक पेला भरून पूड नेली. पाण्यात शिजवून तिची पेज केली. आस्याने खाल्ली आणि पेला चाटला. एकदाच, असं मी स्वतःला बजावलं होतं. पुढच्या आठवड्यात आणखी दोनदा नेली. पोत्याचं वजन भरावं म्हणून शाळेतला खडू कुटून तेवढाच वर टाकला. पोतं मोठं होतं, मिसळून जाईल, असं मला वाटलं. सापडले असते तर गोळी किंवा दहा वर्षं. आमच्या कारखान्यात एकाला स्पिरिटच्या बाटलीसाठी दहा वर्षं झाली होती, आणि त्या बाटलीत अर्धं पाणी होतं.

अशात मालाखोव आला. कारखान्याच्या सुरक्षेवर नेमलेला नवा अधिकारी, तरुण, गुळगुळीत दाढी केलेला. त्याला आल्या आल्या एक कट सापडला. मावशीच्या वहीत लिहिलं होतं: 'साक्षीदार एकतीस शुक्रवारी तोडला. कबूल. साक्षीदार बत्तीस कपाटात लपवून ठेवणे, बाहेर उंदीर खातात.' त्याने दुपारी बाराला दोन शिपाई पाठवून मावशीला उचललं.

चार तास तो तिला विचारत होता की बत्तिसावा कोण, कपाट कुठलं आणि उंदीर म्हणजे कोणाची माणसं. मावशीने त्याला काय काय ऐकवलं ते कारखान्यात पुढे आठवडाभर पुरलं असतं, पण तो आठवडा हसण्यासारखा गेला नाही.

कारण नेमकं त्याच दुपारी, जमिनीवर पळवून बघताना, मालाच्या डाव्या पंखाखालची फळी हातभर उकलली. दुसऱ्या दिवशी मॉस्कोची मंडळी येणार होती. सकाळी अकराला उड्डाण, दोनला त्यांची परतीची गाडी. झीबिन स्वतः सरसखोलीत धावत आला.

"कोर्झुनोवा कुठे आहे?"

मावशीचं आडनाव कोर्झुनोवा. ती मालाखोवच्या कचेरीत आहे, मी सांगितलं.

"मग तू घोट. आत्ता. एकच्या आत शिकंजे लागले पाहिजेत."

तो दारात उभा राहिला. मी पोतं उघडलं. वरचा थर मला डोळ्यांनी ओळखू येत होता, तो किंचित जास्त पांढरा होता. मी तो हाताने बाजूला सारला आणि खालची पूड घेतली. निदान तसं मी मनाशी म्हटलं. पूड कोरडी होती, वरची खाली घसरत होती. जिभेवर ठेवून बघायचं धैर्य मला झालं नाही. चाखलं असतं तर कळलं असतं, आणि कळलं असतं तर बोलावं लागलं असतं. मी सरस घोटला. एक वाजायला पाच मिनिटं असताना जोड दाबून धरणारे शिकंजे पंखाला बसले. साक्षीदार क्रमांक तेहतीसही मीच चिकटवला.

मावशी चारला परत आली, रागाने लाल झालेली. मी काय केलं ते तिने ऐकलं. मग सवयीने पोत्याकडे गेली, चिमूट घेतली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. तिचा जबडा एकदा हलला आणि थांबला. मी सरसाचं भांडं घासत राहिले.

"घोटताना चाखलंस?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले.

तिने पोत्याचं तोंड बांधलं, कुलूप लावलं, अंगावर शाल घेतली आणि झीबिनला शोधायला गेली. तो मंडळींना आणायला घोड्यांच्या घसरगाडीतून दहा मैलांवरच्या स्टेशनात गेला होता. पहाटे परतून तो थेट मैदानावर जाणार होता. उरलेल्यांपैकी पंखाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मावशी परत आली आणि मला म्हणाली, सकाळी वही घेऊन माझ्याबरोबर चल. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी थंडी शून्याच्या खाली तीस. मैदानावर माल उभा होता, पांढरा रंगवलेला, चाकांच्या जागी आमच्याच कारखान्यातल्या स्की. तेल तापवून इंजिनात ओतलं होतं, इंजिन फिरत होतं. गूशिन आत बसलेला, काचेचं झाकण अजून उघडं. मॉस्कोची तीन जाड कोटातली माणसं घड्याळं बघत होती. साडेदहा वाजले होते. चोवीस तास एकला भरणार होते.

मावशी सरळ झीबिनपाशी गेली आणि म्हणाली की मी सही करत नाही.

झीबिनचा चेहरा बघवत नव्हता. त्याने हळू आवाजात तिला समजावलं. आज उडालं नाही तर मंडळी जातील. लाकडी विमान दुसऱ्याही एका कारखान्यात होतं आहे, काम त्यांना मिळेल. तीन वर्षं, चाळीस माणसं. पंख त्याने स्वतः ठोकून बघितला आहे, आवाज भरीव येतो. दोन तासांनी काय बिघडतं?

"साक्षीदाराला विचारा," मावशी म्हणाली आणि शालीखालून दोन जोड्या काढल्या.

एवढ्यात मालाखोव पुढे आला. साक्षीदार हा शब्द ऐकून त्याने कान टवकारले असणार. तो म्हणाला, उड्डाणात अडथळा आणणं म्हणजे घातपात, तुम्हाला कल्पना आहे ना? मावशीने त्याच्या हातात एक जोडी ठेवली.

"हा बत्तीस क्रमांकाच्या भांड्याचा आहे, कॉम्रेड. तोडा."

त्याने हातांनी जोर लावला, मग गुडघ्यावर. शेवटी पट्टी कडकन फाटली, फाटली ती लाकडात. जोड तसाच राहिला.

"आता हा. तेहतीस. कालचा."

तेहतिसावा त्याच्या हातात पावाच्या तुकड्यासारखा दोन झाला. दोन्ही बाजू गुळगुळीत, पांढऱ्या. एकही रेषा लाकडाची निघाली नव्हती. मागे इंजिन चालूच होतं. गूशिन झाकणातून वाकून आमच्याकडे बघत होता.

"ओला आहे तो," झीबिन म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "वेळ भरलेला नाही, म्हणून सुटला. याने काही सिद्ध होत नाही."

"ओला सरससुद्धा लाकडाचे केस उपटून आणतो, आर्सेनी पाव्हलोविच. तुम्हाला माहीत आहे. जीभ लावून बघा."

झीबिनने पट्टी घेतली. त्याने ती चाटली, कार्बोलिकने तोंड वाकडं केलं, आणि मग दात एकमेकांवर घासले. मला तो आवाज इंजिनामुळे ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला तो ऐकू आला. त्याने हात वर करून गूशिनला खूण केली. इंजिन थांबलं. पंख्याचं पातं दोनदा हेलकावून स्थिर झालं.

"खडू," झीबिन म्हणाला आणि पंखाला पाठ लावून उभा राहिला.

मालाखोव सावकाश म्हणाला, "पुडीत खडू. म्हणजे पूड कुणीतरी नेली. कोणी?"

मावशी माझ्याकडे वळली नाही. तिची नजर मालावर, गूशिनच्या अर्ध्या कानावर होती. मी तिच्या मागे दोन पावलांवर वही छातीशी धरून उभी होते. आस्याला शेजारणीकडे ठेवून आले होते. तिला त्या सकाळी मी तिसरा पेला दिला होता, पुरवून ठेवलेला शेवटचा. माझं तोंड उघडलं होतं, एवढं मला आठवतं. थंड हवा दातांना लागत होती. किती वेळ गेला? दहा श्वास तरी. मावशीच्या तोंडातून निघणारी वाफ मी मोजत होते.

मग ती म्हणाली, "मी नेली. मी खाल्ली. परवा."

मालाखोवच्या कपाळावर आठी पडली. "काल दुपारी सरस घोटला तेव्हा तुम्ही माझ्याकडे होतात."

"होते ना. खडू मी आधीच टाकला होता. वरचा थर काढून फेकणार होते, पंखाला जाऊ देणार नव्हते. तुम्ही मला चार तास कपाटातल्या उंदरांबद्दल विचारत बसलात. या बाईला काय माहीत, तिने दिसली ती पूड घोटली."

मॉस्कोच्या माणसांपैकी एकाने विचारलं, कसले उंदीर? मालाखोव घाईघाईने म्हणाला की ते नंतर, कचेरीत. त्यानंतर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. चौकशी लांबली असती तर लाकडाच्या पट्ट्यांना माणसं समजून आपण काय केलं, तेही कागदावर आलं असतं. मावशीने ते बरोबर ओळखलं होतं. त्याने तिचा दंड धरला. जाता जाता तिने माझ्या हातातली वही घेतली, तेहतिसाच्या पुढे 'खोटा' लिहिलं, सही केली आणि वही परत दिली.

लाकूड फाटायला हवं होतं. मी जोडावरच स्वच्छ सुटले.

पंख उघडला तेव्हा आत अर्ध्याहून जास्त चिकटलंच नव्हतं. वर गेल्यावर पहिल्याच वळणाला फळी निघाली असती, असं झीबिन म्हणाला. मंडळी दोनच्या गाडीने गेली. एप्रिलमध्ये एका ओळीचा हुकूम आला, काम बंद. माल करवतीने कापला. शेकडो होणार होते, त्यातला तो एकुलता एक, आमच्याच सरसखोलीच्या शेगडीत जळला, आणि तो जळताना कार्बोलिकचा असा वास सुटायचा की डोळ्यांतून पाणी काढायला मला वेगळं कारण लागलं नाही. झीबिन कुठे गेला ते कळलं नाही. गूशिन आघाडीवर परत गेला. जायच्या दिवशी तो सरसखोलीत आला आणि आटीव दुधाचा एक डबा ठेवून म्हणाला, मावशीला पोचवता आला तर पोचव. तुरुंगात डबा पोचत नव्हता. तो आस्याने खाल्ला. तिच्या पायांची सूज त्याच महिन्यात उतरली.

मावशीला सात वर्षं झाली. उड्डाण थांबवलं म्हणून सात, नाहीतर गोळी होती. पन्नास साली ती परत आली, दात एकही नाही, केस पुरुषासारखे कापलेले. स्कीच्या कारखान्यात परत भांड्याशी उभी राहिली. माझा नवरा आलाच नव्हता. दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला यायची, आस्याला वेणी घालायची, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची. आस्या तिला आजी म्हणायची. मी रोज ठरवायची की या रविवारी सांगेन. असे नऊ वर्षांचे रविवार गेले.

आस्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी दूध फाडून चोथ्याच्या वड्या करत होते. मावशी शेगडीजवळ बसली होती. तिने हात लांब करून चिमूटभर चोथा घेतला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले.

"चांगला आहे," ती म्हणाली. "खडू नाही."

माझ्या हातातला झारा खाली ठेवावा लागला. मी खाली बसले आणि म्हणाले, मावशी, तुला त्याच संध्याकाळी कळलं होतं.

"दाताखाली करकरलं तेव्हाच. तेव्हा दात होते."

"मग मला का नाही पुढे केलंस?"

"पोरीचे पाय बघितले होते मी. तू गेली असतीस तर ती अनाथालयात महिनाभर टिकली नसती. माझ्यामागे रडायला कोण होतं? मांजरसुद्धा नव्हतं."

मी रडत होते. ती मला रडू देत होती, तिला अशा गोष्टींची घाई नसे. वड्या करपू लागल्या तशी तीच उठली आणि झारा हातात घेऊन त्या उलटल्या. पाठ माझ्याकडेच होती.

"पण तोन्या," ती म्हणाली, "मालाखोवने विचारल्यावर मी लगेच बोलले नव्हते. थोडी थांबले होते. तुझ्या लक्षात आलं होतं का?"

"आलं होतं," मी म्हणाले.

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि न करपलेल्या वड्या आस्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्या.